दरडीच्या चिखलाचा वास आणि मोबाइलवरचे समुपदेशन

पत्र

मी एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात अकरा वर्षांपासून फायरमन आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका वाडीवर दरड कोसळली, तेव्हा आमची तुकडी मदतीला गेली होती. तीन दिवस आम्ही चिखल उपसत होतो. काम थांबवण्याचा आदेश आला तेव्हा सगळी माणसे सापडलेली नव्हती. परत आल्यावर काही महिने मला काहीच झाले नाही. पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरी पडल्या, ओल्या मातीचा वास आला आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग येते आणि हात चिखलाने माखल्यासारखे वाटतात. झोप यावी म्हणून सुट्टीच्या रात्री क्वार्टर घेण्याची सवय लागली आहे. गेल्या महिन्यात माझा सहा वर्षांचा मुलगा चिखलाच्या पायांनी घरात आला, तेव्हा मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो अजून माझ्याजवळ यायला बिचकतो. आमचे केंद्र अधिकारी भले गृहस्थ आहेत, पण ते म्हणतात, वर्दी (म्हणजे मदतीसाठी आलेली हाक) संपली की गमबुटांबरोबर तीही धुऊन टाकायची. बायको म्हणते, आता मोबाइलवर समुपदेशन मिळते, ते घ्या. मला तीन शंका आहेत. मी दरडीखाली सापडलो नव्हतो आणि माझ्या घरचे कोणी गेले नाही, मग हा त्रास मला का व्हावा? माणूस समोर नसताना, नुसते पडद्यावर बोलून खरोखर काही होते का? आणि हे ऑफिसात कळले तर माझ्या नोकरीचे काय? शिवाय मुलाला काय सांगू, तेही कळत नाही.
— एक फायरमन

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही फोन उचलणार नाही, असे पत्र वाचताना मला वाटले. आपण दरडीखाली नव्हतो, मग त्रास होण्याचा आपल्याला हक्कच काय, असा तुमचा सूर आहे. हा सूर मी रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांकडून ऐकला आहे, पोलिसांकडून ऐकला आहे आणि शवागारात काम करणाऱ्यांकडूनही ऐकला आहे. वैद्यकशास्त्र मात्र असे मानत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत आघातानंतरच्या तणावविकाराची, म्हणजे ज्याला पीटीएसडी म्हणतात त्याची, जी व्याख्या आहे, तिच्यात स्वतः संकटात सापडलेल्यांबरोबरच कामाचा भाग म्हणून अशा घटनांच्या भीषण तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरे जाणाऱ्यांचाही समावेश आहे, आणि तिथे उदाहरण दिले आहे ते मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मचाऱ्यांचे. म्हणजे तुम्ही त्या तीन दिवसांत जे केले, ते त्या व्याख्येत जवळजवळ शब्दशः लिहिलेले आहे. तुमचा त्रास उसना नाही आणि तो मनाचा कमकुवतपणाही नाही.

३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, या तिन्ही ठिकाणी दरडीखाली गेलेल्या गावकऱ्यांची आठवण आपण ठेवतो आणि ती ठेवलीच पाहिजे. इर्शाळवाडीला यंत्रे वर नेता येत नव्हती. भर पावसात डोंगर चढून जाऊन फावड्या-घमेल्यांनी आणि हातांनी माती उपसावी लागली, चढणीवरच एका अग्निशमन अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले आणि अनेकांचे देह हाती लागण्याआधीच शोधकार्य थांबवावे लागले. अशा ठिकाणाहून परतलेल्या माणसाच्या मनात केवळ पाहिलेली दृश्ये राहत नाहीत, तर काम अर्धवट टाकून आल्याची बोचही राहते. सगळी माणसे सापडलेली नव्हती, हे वाक्य तुम्ही पत्रात कोणी न विचारता लिहिले आहे. समुपदेशकाशी बोलताना हे वाक्य गाळू नका, कारण पहाटे तीनला जाग येण्याचे मूळ बहुधा वासापेक्षा या वाक्यात असावे, असा माझा अंदाज आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून त्याला अंदाजच म्हणते.

मधले काही महिने बरे गेले आणि मग त्रास सुरू झाला, याचेही आश्चर्य मानू नका. घटनेनंतर सहा महिने किंवा त्याहून उशिरा या विकाराचे चित्र पूर्ण होऊ शकते, हे त्याच संहितेत नमूद आहे. तुमच्या बाबतीत पाऊस परत आला, मातीचा वास परत आला आणि बाजूला सारलेले सगळे त्याच्यामागून आले. वासाची आठवण फार थेट असते. ती शब्दांच्या वाटेने येत नाही, म्हणून तिला समजावून गप्प करता येत नाही.

तुमच्या केंद्र अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांना कोणी वेगळे शिकवलेच नसेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक हुतात्मा झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या गोदीतून जिवंत घरी गेलेल्यांनी पुढची वर्षे कशी काढली, हे मात्र कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. गेलेल्यांना मानवंदना द्यायची आणि परत आलेल्यांनी गमबूट धुऊन कामाला लागायचे, ही रीत तिथून चालत आली आहे. पण तुमच्याच खात्यात याहून शहाणी रीतही आहे. श्वसन उपकरण पाठीवर घेऊन धुरात गेल्यावर सिलिंडरमधली हवा कमी झाली की शिट्टी वाजते आणि ती वाजली की कितीही कसलेला जवान असला तरी बाहेर येतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. वर्षभर मोडलेली झोप आणि मुलावर चढलेला आवाज यांच्याकडे तुम्ही तसेच पाहावे, एवढे माझे मागणे आहे.

आता पडद्यावरच्या उपचाराविषयी. पडद्यावर बोलून काही होते का, या प्रश्नाला माझे उत्तर आहे की होते, मात्र पलीकडे कोण आहे आणि तो नेमके काय करतो आहे, यावर ते अवलंबून असते. अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत, आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारा उपचार व्हिडिओवरून दिला तेव्हा तो समोरासमोर बसून दिलेल्या उपचारापेक्षा कमी पडला नाही, असे दिसून आले आहे. ब्रिटनमधील आरोग्य मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ साली तर संगणकावरून, थेरपिस्टच्या मदतीने घेण्याच्या उपचाराचाही पर्याय मान्य केला आहे. अट एवढीच की त्रास फार तीव्र नसावा आणि रुग्णाकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका नसावा. या अटीकडे मी पुढे परत येणार आहे.

अडचण अशी आहे की ‘ऑनलाइन समुपदेशन’ या एकाच नावाखाली आज तीन अगदी निराळ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे हेल्पलाइन. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तिथे आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतो. पहाटे तीन वाजता जाग आल्यावर लावण्यासाठी हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा. पुढच्या उपचारासाठी कुठे जावे, हे विचारण्यासाठीही तो उपयोगी आहे. पण हेल्पलाइन हे दार आहे. दर वेळी त्याच व्यक्तीशी बोलणे होईल असे नसते, आणि तुम्हाला लागणारा उपचार एकाच व्यक्तीबरोबर सलग काही आठवडे करावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलमधली ती अॅप्स, जिथे संदेश लिहायचा आणि उत्तर यायचे. हे उत्तर कधी माणसाचे असते, कधी यंत्राचे असते. श्वासाचे व्यायाम किंवा झोपेची नोंद यांसाठी ती वापरायला माझी हरकत नाही. दरडीच्या आठवणी मात्र तिथे उघडू नका. ज्याला तुमचा चेहरा दिसत नाही आणि तुम्ही मध्येच गप्प झालात तर त्याचा अर्थ कळत नाही, त्याच्या हवाली ते तीन दिवस करणे मला सुरक्षित वाटत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकाच प्रशिक्षित तज्ज्ञाबरोबर व्हिडिओवर होणारी मानसोपचाराची सत्रे. हा तज्ज्ञ कसा निवडायचा, याबाबत मी थोडी आग्रही आहे, कारण ‘काउन्सेलर’ ही पाटी आपल्याकडे थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम केलेली व्यक्तीही लावताना मी पाहिली आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यक परिषदेकडे नोंदलेला डॉक्टर असतो. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही, बंबावर चढण्याआधी पाण्याची पातळी पाहण्याइतकी ती साधी गोष्ट आहे. दूरवैद्यकसेवेविषयी मार्च २०२० मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर लिहिणे अपेक्षित आहे. त्यानंतर विचारा, आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या उपचाराचे तुम्ही प्रशिक्षण घेतले आहे का, आणि पोलीस, सैनिक, अग्निशामक किंवा रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्याबरोबर काम केले आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तरी चालेल, पण ‘पाळी कशी असते, वर्दी म्हणजे काय, ते मला समजावून सांगा’ असे म्हणण्याइतके कुतूहल त्या व्यक्तीपाशी असावे. तुम्ही सांगत असताना जो स्वतःच घाबरून विषय बदलतो किंवा ‘सकारात्मक विचार करा’ एवढेच सांगत राहतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. एका वाईट अनुभवावरून उपचारच निरुपयोगी ठरवू नका, एवढे मात्र पाळा.

पहिल्याच सत्रात ढिगाऱ्याविषयी सगळे सांगावे लागेल, या भीतीने अनेक जण भेट ठरवून ऐन वेळी फोन बंद ठेवतात. तसे होत नाही. पहिली एक-दोन सत्रे झोप, दारू, भूक, कामाच्या पाळ्या, घरची माणसे यांविषयी बोलण्यात जातात. वीस प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली जाते आणि तिच्यावरून त्रास किती आहे व पुढे तो कमी होतो आहे की नाही, हे मोजता येते. त्यानंतर थेरपिस्ट तुम्हाला आठवणीजवळ हळूहळू आणि तुमच्या संमतीने नेतो. एका पद्धतीत घटना आता घडत आहे अशा शब्दांत पुन्हा पुन्हा सांगायची असते. सांगता सांगता तिची धार बोथट होते आणि ‘तेव्हाचे’ व ‘आताचे’ यांत पडलेली गाठ सुटू लागते. दुसऱ्या पद्धतीत ‘आणखी एक दिवस खणले असते तर’ अशा विचारांची पुराव्यानिशी तपासणी होते. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी आणखी एक पद्धत आहे आणि तीही व्हिडिओवर करता येते. साधारणपणे आठ ते बारा सत्रे लागतात, काहींना जास्त. मधल्या एखाद्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो. तो थेरपिस्टला सांगायचा आणि पुढच्या सत्राला हजर राहायचे.

तुमच्यासारख्या माणसाला पडद्याचा एक मोठा फायदा आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. दवाखान्याच्या वातानुकूलित खोलीत ओल्या मातीचा वास नसतो, तो तुमच्या घरात असतो. योग्य वेळ आली की थेरपिस्ट पडद्यावर तुमच्याबरोबर असताना, तुमच्याच गॅलरीतल्या कुंडीतली माती भिजवून, तिच्याजवळ बसून, हातात घेऊन तो वास सोसायचा सराव करता येतो. हा प्रयोग आज वाचून उद्या एकट्याने करू नका. तयारीविना केला तर उलटा परिणाम होऊ शकतो. दुसरा फायदा उघडच आहे. लहान शहरात मनोविकार विभागाच्या ओपीडीबाहेर बसलेला फायरमन कोणाच्या ना कोणाच्या नजरेला पडतो, आणि चोवीस तासांच्या ड्युटीमुळे ओपीडीची वेळ साधतही नाही. व्हिडिओमुळे नागपूरला बसलेला मराठी बोलणारा तज्ज्ञही तुम्हाला मिळू शकतो.

तोटाही नीट समजून घ्या. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. टेबलाखाली थरथरणारे हात दिसत नाहीत, काल रात्री घेतलेल्या दारूचा वास येत नाही, रडू आवरण्यासाठी आवळलेली मूठ दिसत नाही. समोर बसलेल्या तज्ज्ञाला जे आपोआप कळले असते, ते तुम्हाला तोंडाने सांगावे लागते. ‘आत्ता माझे हात थरथरत आहेत’ एवढे वाक्य पुरे आहे. आठवणीत फार खोल गेल्यासारखे वाटले, खोली विसरायला झाली, तर थांबण्याची एक खूण आधीच ठरवून ठेवा. उजवा हात वर करणे चालेल. पाय जमिनीला टेकलेले असू द्यात आणि जवळ गार पाण्याचा तांब्या ठेवा.

जागेचा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तुम्ही स्टाफ क्वार्टर्समध्ये राहत असाल आणि दोन खोल्यांत चौघे असतील, तर तो येणारच. सत्र स्टेशनवर घेऊ नका. विश्रांतीची खोली कितीही रिकामी असली तरी घंटा केव्हाही वाजू शकते, आणि अर्धी उघडलेली आठवण तशीच घेऊन बंबावर चढणे तुम्हाला आणि तुमच्या तुकडीलाही धोक्याचे आहे. चोवीस तासांची ड्युटी उतरल्याबरोबरही नको, कारण थकलेल्या मेंदूला हे काम झेपत नाही. झोप झाल्यानंतरची सुट्टीची दुपार सर्वांत बरी. सत्रानंतर दोन तास मोकळे असावेत आणि त्या दिवशी पुढे ड्युटी नसावी. मुलगा शाळेत असताना घर मिळत असेल तर उत्तम. नसेल तर भरवशाच्या मित्राची खोली पाहा, किंवा सावलीत उभी केलेली गाडी चालेल. गाडी चालवत असताना मात्र कधीच नाही. इअरफोन लावा, मोबाइल हातात न धरता टेकवून ठेवा म्हणजे चित्र हलणार नाही. नेट गेले तर कोण कोणाला साधा फोन लावणार, हे आधी ठरवा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तुम्ही त्या क्षणी कुठे आहात ते सांगा आणि अडचण आली तर संपर्क करता येईल अशा एका व्यक्तीचा क्रमांक देऊन ठेवा. तुमच्या बाबतीत ती व्यक्ती तुमची पत्नी असावी, असे मला वाटते. त्यांनी सत्र ऐकायचे नाही, पण घराजवळ असावे.

दारूविषयी स्पष्ट लिहिते. क्वार्टरने झोप लवकर लागते हे खरे आहे, पण दारू उतरताना रात्रीचा उत्तरार्ध मोडतो, आणि तुमची जाग पहाटे तीनला येते हे तुम्हीच लिहिले आहे. दारू आठवणींना दाबून ठेवते आणि उपचाराला मात्र त्या वर याव्या लागतात, म्हणून दोन्ही एकत्र चालत नाहीत. किती आणि किती वेळा घेता, याचा खरा आकडा तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगा. घेणे रोजचे झाले असेल आणि न घेतल्यास हात कापत असतील, घाम फुटत असेल, तर एकदम बंद करू नका. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे लागते. मेडिकलच्या दुकानातून ओळखीवर झोपेच्या गोळ्याही आणू नका. त्या गटातल्या अनेक गोळ्यांचा या विकारात फायदा होत नाही, सवय मात्र लागते. मनोविकारतज्ज्ञाने औषध लिहून दिले, तर आपण शिडीवर चढतो, गाडीवर असतो आणि रात्री एका मिनिटात जागे होऊन निघावे लागते, हे त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे ते औषध आणि वेळ त्याप्रमाणे ठरवतील.

आता ऑफिसची भीती. तिला मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती निराधार नाही. गणवेशाच्या सेवेत माणसावर एकदा शिक्का बसला की तो पुसणे अवघड असते. कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा अधिकार आहे आणि उपचार करणाऱ्याने तुमची माहिती तुमच्या वरिष्ठांना परस्पर देणे त्या कलमाच्या विरुद्ध ठरते. याला अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरांना माहिती लागणार असेल, किंवा न्यायालयासारख्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर. पहिल्याच भेटीत हे अपवाद समजावून घ्या आणि सत्राचे रेकॉर्डिंग होते का, लेखी नोंदी कुठे राहतात, हे विचारा. खबरदारी म्हणून स्वतःचा मोबाइल, स्वतःचे सिमकार्ड आणि स्वतःचा ईमेल वापरा. ऑफिसचे वायफाय नको. एखाद्या कंपनीने तुमच्या दलासाठी मोफत समुपदेशनाची योजना दिली असेल, तर सही करण्याआधी एवढेच विचारा की दलाला नेमका कोणता अहवाल जातो. केवळ एकूण संख्या जात असेल तर हरकत नाही, पण नावे जात असतील तर बाहेरचा तज्ज्ञ बरा.

एक कटू गोष्टही सांगते. उपचार चालू असताना थेरपिस्टला वाटले की काही आठवडे तुम्ही धोक्याच्या वर्दीवर जाऊ नये, तर तो तुम्हाला तसे सांगेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. तेव्हा कोणत्या कारणाने रजा घ्यायची, वरिष्ठांना किती सांगायचे, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. ते सांगण्याचा हक्क तुमचाच राहतो. पण निद्रेविना काम करणारा फायरमन आपल्या जोडीदाराला धुरात घेऊन जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

मघाशी एक अट बाजूला ठेवली होती, ती अशी. जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, घरात कोणावर हात उगारला जात असेल, किंवा मध्येच आपण कुठे आहोत याचे भान बराच वेळ सुटत असेल, तर मोबाइलवर विसंबू नका, प्रत्यक्ष जा. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात तपासणी होते आणि ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. क्षण निभावत नसेल तर ११२ किंवा १०८ लावायला संकोच करू नका. तुम्ही असे विचार येत असल्याचे लिहिलेले नाही, पण न लिहिलेलेही असू शकते, म्हणून थेट विचारते: येत असतील, तर आज रात्री पत्नीला सांगा.

तुमच्याबरोबर त्या वाडीवर गेलेले बाकीचे जवानही कुठे ना कुठे जागे असतील. त्या काळात सगळ्यांना एका खोलीत बसवून एकदाच सगळे बोलायला लावणारे शिबिर कोणी घेतले नसेल, तर त्याची खंत नको. घटनेनंतर लगेच सक्तीने घेतलेल्या अशा एका बैठकीने हा विकार टळत नाही, असेच अभ्यासांतून दिसले आहे. त्याऐवजी एखाद्या सहकाऱ्याला चहाच्या टपरीवर ‘तुला झोप लागते का?’ एवढे विचारलेत तरी पुष्कळ झाले. लष्करातील जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. अग्निशमन दले, १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि पायलट (म्हणजे चालक) यांच्यासाठीही असाच, त्यांची भाषा जाणणारा कक्ष महाराष्ट्रात असावा, अशी माझी मागणी आहे आणि या सदरातून ती मी पुन्हा पुन्हा करणार आहे.

राहिला तुमचा मुलगा. बरे वाटेपर्यंत त्याच्याशी बोलणे लांबवू नका. सहा वर्षांच्या मुलाला दरडीची गोष्ट सांगायची गरज नाही, पण बाबा का ओरडले याचे उत्तर त्याने स्वतःच शोधले असणार, आणि त्या उत्तरात चूक त्याची असणार. जमिनीवर त्याच्या शेजारी बसा आणि सांगा की त्या दिवशी तुझी काहीच चूक नव्हती, चिखल पाहून बाबाला कामावरची एक वाईट गोष्ट आठवली, बाबा ओरडला ते चुकले आणि त्यासाठी बाबा आता एका डॉक्टरांशी फोनवर बोलणार आहे. त्याने काही विचारले तर विचारेल तेवढेच सांगा. नाही विचारले तर त्याला खेळायला जाऊ द्या, आणि तो परत येईल तेव्हा दाराशी पाणी आणि टॉवेल घेऊन त्याचे पाय तुम्ही धुवा. आज वास सोसवत नसेल, तर त्या दिवशी ते त्याच्या आईला करू दे; उपचाराच्या पुढच्या सत्रांत तुमच्या तज्ज्ञाबरोबर ठरवण्यासारखे हे पहिले काम आहे.